खुर्ची माणसाला बिघडवते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साडेतीन वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. ऐंशी फ्लॅट, तीन विंग, एक बोअर आणि सतत बंद पडणारी एक लिफ्ट. त्याआधी माहेरी ग्रामपंचायत जवळून पाहिलेली, कारण वडील दोनदा सदस्य होते आणि निम्म्या बैठका आमच्या ओसरीवरच व्हायच्या. त्यामुळे सत्तेबद्दलचे प्रश्न लोक मला विचारतात. मंत्रालयातली सत्ता मी पाहिलेली नाही. पण गच्चीच्या किल्लीची सत्ता पाहिली आहे, आणि तिचा स्वभाव फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

सत्ता माणसाला भ्रष्ट करतेच, असं कुणीतरी म्हटलं आहे ना?

लॉर्ड ॲक्टन या इंग्रज इतिहासकाराने १८८७ साली बिशप क्रायटन यांना लिहिलेल्या पत्रात ते वाक्य आहे. आपण ते नेहमी अर्धवट सांगतो. ॲक्टनने ‘सत्ता भ्रष्ट करते’ असं लिहिलेलं नाही. सत्तेचा कल भ्रष्ट करण्याकडे असतो, आणि निरंकुश सत्ता मात्र पूर्ण भ्रष्ट करते, असं त्याचं म्हणणं. या ‘कल’ शब्दाला महत्त्व आहे. उताराच्या रस्त्यावर गाडी उभी केली की ती घरंगळेलच असं नाही, पण चाकाखाली दगड लावावा लागतो.

त्या पत्राचा विषयही आपण विसरतो. वाद होता तो पोप आणि राजे यांना इतिहासकाराने कोणत्या मापाने मोजावं याचा. मोठ्या माणसांना सूट द्यावी, त्यांनी चूक केलेली नसेल असं आधीच धरून चालावं, हा विचार ॲक्टनला मान्य नव्हता. त्याच्या मते गृहीत धरायचंच तर उलट धरा: जितकी सत्ता जास्त, तितका संशय जास्त. आपल्याकडे याच्या बरोबर उलटं चालतं. शिपायाला आपण दहा प्रश्न विचारतो आणि साहेब समोर आले की उठून उभे राहतो.

मग तुम्ही बिघडलात का?

हो. थोडी बिघडले.

एका उन्हाळ्यात टँकर मागवावे लागत होते. टँकर आला की कोणत्या विंगची टाकी आधी भरायची हे वॉचमन मला फोन करून विचारायचा. सुरुवातीला मी पाळीने सांगायचे. मग कधी बी विंगमध्ये कुणाकडे पाहुणे, कधी सी विंगमध्ये आजारी माणूस, असं करता करता पाळी मोडली. दीड महिन्याने कुणीतरी नोंदवही उघडून दाखवली, तेव्हा लक्षात आलं की सर्वांत जास्त वेळा ए विंगची टाकी आधी भरली होती. मी ए विंगमध्ये राहते. आपण स्वतःला झुकतं माप देऊ असा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता, शपथेवर सांगते. प्रत्येक वेळी कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. फक्त ए विंगची कारणं माझ्या कानावर लवकर यायची, कारण ती लिफ्टमध्ये भेटत होती.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वॉचमनला हे पहिल्या आठवड्यापासून दिसत होतं. तो बोलला नाही. कसा बोलेल? त्याचा पगार माझ्या सहीने निघत होता. खजिनदारांनाही दिसलं होतं, पण त्यांच्या मुलीचं पार्किंग माझ्याकडे अडकलेलं. सत्ता हातात आल्यावर मी बदलले असेन थोडी, पण आधी बदलले ते माझ्याभोवतीचे लोक. मला ‘नाही’ म्हणणं त्यांना महाग पडू लागलं होतं आणि मला त्याची खबरही नव्हती.

यानंतरच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत मी याच गोष्टीकडे वळणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

यावर प्रयोग वगैरे झाले आहेत का?

झाले आहेत, पण जपून वाचावेत. सर्वांत गाजलेला १९७१ सालचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला. विद्यार्थ्यांमधून काही जण तुरुंगाचे पहारेकरी केले, काही कैदी. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, इतके पहारेकरी छळ करू लागले होते. वर्षानुवर्षं हा प्रयोग ‘गणवेश चढवला की कुणीही राक्षस होतो’ याचा पुरावा म्हणून सांगितला गेला. पुढे ध्वनिमुद्रणं बाहेर आली. कडक वागा, असं पहारेकऱ्यांना प्रयोग चालवणाऱ्यांकडूनच सांगितलं जात होतं. मला तर हे मूळ निष्कर्षापेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. पहारेकऱ्यांच्या वर आणखी एक सत्ता बसली होती, आणि ती स्वतःला सत्ता समजतच नव्हती.

दुसरा एक प्रयोग बिस्किटांचा. तिघांच्या गटात कुणालाही एकाला प्रमुख नेमायचं आणि मध्येच बिस्किटांची बशी आणून ठेवायची. जादा बिस्कीट उचलण्याकडे प्रमुखाचा कल जास्त दिसला. चिठ्ठी टाकून अर्ध्या तासापुरता नेमलेला प्रमुख, तरीही! आमच्या कमिटीच्या बैठकीत समोसे यायचे. अधिक बोलत नाही.

प्रामाणिक माणूस निवडून दिला की प्रश्न मिटला, नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर लोकांना आवडत नाही.

प्रामाणिक माणूस हवाच. राज्यघटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईट ठरेल, हे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं. पण त्याच भाषणात त्यांनी दुसरा इशाराही दिला, आणि तो आपण भिंतीवर लावत नाही. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये. धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. म्हणजे चांगला माणूस मिळाला की पहारा उठवायचा, ही आपली सवयच त्यांना धोक्याची वाटत होती.

व्यवहारात बघा. लबाड सेक्रेटरी असला की लोक पावत्या मागतात. सज्जन असला की म्हणतात, ‘काका आहेत ना, बघायला कशाला पाहिजे?’ काका थकतात, विसरतात, त्यांचा भाचा रंगकामाचं कंत्राट घेतो, आणि दहा वर्षांनी काकांच्या नावाला बट्टा लागतो. पावत्या मागणारं कुणी असतं, तर काकांची अब्रूही वाचली असती.

पण शिवाजी महाराजांच्या काळी असं नव्हतं…

महाराजांच्या काळीही फौजेच्या हातात सत्ता होती आणि ती रयतेवर चालू शकत होती. महाराजांना हे पक्कं ठाऊक होतं म्हणून तर १९ मे १६७३ चं ते पत्र आहे. चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. रयतेला त्रास देऊ नका, हा त्याचा मथितार्थ सगळे सांगतात. मला मात्र त्यातली युक्तिवादाची साखळी थक्क करते.

पत्र उपदेशाने चालत नाही, वैरणीच्या हिशोबाने चालतं. आत्ता दाणागवत बेपर्वाईने उडवलंत, तर पावसाळ्यात ते संपेल. संपलं की घोडी उपाशी मरू लागतील. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल, कुणाचं धान्य, कुणाची भाकरी, कुणाचं गवत, कुणाची भाजी उचलून आणाल. मग रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून जे हवं ते बाजारातून पैसे देऊन आणा, आणि साठा रोज मोजून वापरा. रात्री दिवे तसेच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील, इथपर्यंत पत्र खाली उतरतं.

जुलूम दुष्ट मनातून येतो असं हे पत्र धरून चालत नाही. जुलूम रिकाम्या कोठारातून येतो, असं ते सांगतं. सज्जन शिपाईही भुकेल्या घोड्यासाठी दुसऱ्याचं गवत उचलेल, तर ती वेळच येऊ देऊ नका. सत्तेचा गैरवापर रोखण्याबद्दल मराठीत लिहिलेलं याहून शहाणं काही मी वाचलेलं नाही.

आणि पेशवाईत?

पेशवाईत दोन्ही टोकं सापडतात.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश होते माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. खुनामागे राघोबादादा आहेत असं ठरल्यावर, राघोबा स्वतः पेशवेपदावर असताना, रामशास्त्र्यांनी त्यांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. ही गोष्ट शाळेत इथेच संपते. पण निकाल अंमलात आला नाही, हेही सांगायला हवं. राघोबांना गादीवरून खाली खेचलं ते बारभाईंनी, म्हणजे एकमेकांवर फारसा विश्वास नसलेल्या मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन. एकट्याच्या नकाराने सत्ता हलत नाही. नकाराला हातपाय द्यावे लागतात.

दुसरं टोक घाशीराम कोतवालाचं. पुण्याचा कोतवाल, डोक्यावर नाना फडणविसांचा हात. त्याच्याविरुद्ध दाद मागायला धड दार नव्हतं. १७९१ साली त्याच्या कोठडीत डांबलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी बरेच जण गुदमरून मेले, तेव्हा शहर खवळलं. नानांना कोतवाल लोकांच्या हवाली करावा लागला आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. याला न्याय म्हणवत नाही. तक्रारीची नोंद घ्यायला कुणी नसलं की तक्रार दगड घेऊन येते, एवढंच त्यातून दिसतं. आजही तक्रारपेटी उगाच ठेवलेली नसते. अर्थात ती कुणी उघडत असेल तर.

आणीबाणीत तर न्यायालयंही होती. मग काय झालं?

न्यायालयं होती, आणि तिथेच हा प्रश्न टोचतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली, ती २१ मार्च १९७७ ला उठली. हजारो लोक खटल्याशिवाय तुरुंगात होते. त्यांना आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात जाता येईल का, एवढाच सवाल होता. नऊ उच्च न्यायालयांनी ‘येईल’ म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या प्रकरणात, चार विरुद्ध एक मताने ‘येणार नाही’ म्हटलं.

तो एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना. त्यांना किंमत काय पडली? जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठतेनुसार सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यायला हवं होतं. त्यांना डावलून दुसऱ्यांना नेमलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. ‘नाही’ म्हणणं महाग करणं ते हेच. आमच्या वॉचमनचं प्रकरण आणि हे, माप सोडलं तर वेगळं नाही.

पुढची दुरुस्ती शिकण्याजोगी आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे ढगळ कारण काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ घातलं. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला असल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, हे घातलं. आणि आणीबाणीतही जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयाचं दार बंद करता येणार नाही, हे घातलं. एकाही दुरुस्तीत ‘पंतप्रधानांनी सद्सद्विवेकाने वागावे’ असं लिहिलेलं नाही.

एक नोंद. १९७६ च्या बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात तो जुना निर्णय चुकीचा होता असं लिहून तो मोडीत काढणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. घरातल्या घरात ‘नाही’ म्हणायला एक्केचाळीस वर्षं लागली.

मोठ्या सत्तेचं ठीक आहे, पण मला तर टेबलामागचा कारकून छळतो. तीही सत्ता का?

अस्सल. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, ‘फाइल वर गेली आहे’, ‘एक झेरॉक्स कमी आहे’. त्याच्या हातात तुमचं काम करण्याची ताकद नाही, ते न करण्याची आहे. ही उशिराची सत्ता, आणि तिची पावती कुठे फाटत नाही.

कायद्याने हे ओळखलं आहे. महाराष्ट्रात २००५ सालचा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. (त्याचं पूर्ण नाव वाचेपर्यंतच विलंब होतो.) त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियमही आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळायचा हे कार्यालयाने लावायचं, आणि मुदत टळली की अपील करता येतं. अर्ज देताना पोच घ्या. पोच नसेल तर सात दिवस कुठून मोजणार?

आमचे सरपंच कुणाला विचारतच नाहीत. काय करता येतं?

ग्रामसभेला जा. हे ऐकून लोक वैतागतात, पण माझे वडील सांगायचे की गावातले सगळे घोटाळे भरलेल्या ग्रामसभेत होत नाहीत, रिकाम्या ग्रामसभेत होतात.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण तिचा सदस्य. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती संख्या लागते. इथेच खाचखळगा आहे. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि मग नऊ माणसांत रस्ता, गटार आणि दिवाबत्ती मंजूर होते. त्यामुळे तहकूब सभेची तारीख लक्षात ठेवा, पहिलीची नव्हे.

महिलांची सभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती कागदावर झाली की खरोखर, एवढं विचारलं तरी बरीच धूळ उडते.

‘सरपंचपती’ हा काय प्रकार आहे?

सही बाईंची, खुर्ची नवऱ्याची. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के जागा आहेत, आणि त्या आरक्षणाला कुटुंबाने काढलेली ही पळवाट. गैरवापर झाला तर जबाबदार बाई, फायदा बुवांचा.

पण मी हताश नाही. आमच्या तालुक्यात एक बाई पहिली दोन वर्षं फक्त सह्या करायच्या. तिसऱ्या वर्षी एका चेकवर सही करायच्या आधी त्यांनी ‘हे कशाचं?’ एवढं विचारलं. घरात तीन दिवस अबोला. चौथ्या दिवसापासून नवरा कागद वाचून दाखवू लागला.

सोसायटीत हिशोब मागितला तर ‘तुमचा विश्वास नाही का?’ म्हणतात. काय उत्तर द्यावं?

‘विश्वास आहे, हिशोबही हवा.’

१९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदाला वह्या आणि कागदपत्रं पाहण्याचा, नकला घेण्याचा हक्क दिला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. दरवर्षी लेखापरीक्षण हवं. दाद लागली नाही तर उपनिबंधकांकडे जाता येतं. तिथेही तारखा पडतात, पण लेखी तक्रार गेली एवढ्यानेच पुष्कळ कमिट्यांना सूर सापडतो.

हे मात्र कबूल करायला हवं की सोसायटीतली अर्धी मक्तेदारी आपणच तयार करतो. निवडणूक लागली की कुणी उभं राहत नाही. ‘मला वेळ नाही’, ‘आमचं रेंटवर आहे’, ‘सुनेला विचारा’. मग तोच माणूस पंधरा वर्षं सेक्रेटरी राहतो आणि सोळाव्या वर्षी त्याला हुकूमशहा म्हणतात.

सोसायटीला माहिती अधिकार लागू होतो का?

थेट नाही. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. पण संस्थेने उपनिबंधक कार्यालयात जे कागद दिले ते तिथून मागता येतात.

सरकारी कार्यालयांना २००५ चा कायदा पूर्ण लागू आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधी, २००२ चा होता, आणि त्यामागे अण्णा हजारे यांची आंदोलनं होती. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग. कसूर केली तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून ‘का’ विचारू नका. ‘अमुक रस्त्याच्या कामाच्या मोजमापपुस्तकाची प्रत द्यावी’ असं मागा. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागदाला मिळतं.

लाच मागितली तर?

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. आधी फोन, मग पैसे, हा क्रम उलटा करू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं पाहिजे.

ज्यांच्याकडे कसलंच पद नाही, तरी गाव ज्यांना घाबरतं, त्यांचं काय?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण आपण सत्ता म्हणजे निवडणूक एवढंच धरतो. जातपंचायतीला ना शिक्का ना दप्तर, पण ती तुमच्या घरी लग्नाला कोण येईल आणि तिरडीला कोण खांदा देईल ते ठरवू शकते. अशा वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

जुनं उदाहरणही आहे. गावाचं सगळं लिहिणं कुलकर्ण्याच्या हातात आणि ते वंशपरंपरागत. इतर कुणाला वाचताच येत नाही, तर खाडाखोड पकडणार कोण? जोतीराव फुल्यांनी यावर कोरडे ओढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. पगारी माणसाची बदली करता येते, वतनदाराची नाही. आणि हे करणारा स्वतः राजा होता, हे ‘सत्ता बिघडवतेच’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

सगळ्यांवर इतका संशय घेतला तर काम कोण करील?

रास्त प्रश्न. पहाऱ्याचीही सत्ता होते आणि तीही बिघडते. माहितीचे अर्ज टाकून मग ‘तोडपाणी’ करणारे मी पाहिले आहेत. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ दर सभेत बल्बच्या पावत्या मागायचे आणि स्वतःची देखभाल रक्कम चौदा महिने थकवून होते. दोन चांगली माणसं त्यांना कंटाळून कमिटीतून गेली.

यावर माझ्याकडे नीट उत्तर नाही. एवढंच जमलं: हिशोब कुणी मागायच्या आधीच दर महिन्याला फलकावर लावायचा. मग मागणाऱ्याला मोठेपणा मिळत नाही, आणि लपवणाऱ्याला जागा.

असं एखादं ठिकाण आहे का जिथे हे जमलं आहे?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्याला हरवायचं नसतं, समजून घ्यायचं असतं. निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव, २००९ मध्ये. बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले २०११ मध्ये.

ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीत सर्वसहमती? आम्ही रंगाच्या छटेवर करून पाहिली. पाच महिने गेले. इमारत अजून जुन्याच रंगाची आहे.

मला नुकतंच पद मिळालं आहे. मी काय करू?

अभिनंदन. पहिल्याच आठवड्यात, अजून सगळे खरं बोलतायत तोवर, काही गोष्टी हातावेगळ्या करा. चेकवर दोन सह्या, आणि दुसरी सही तुमच्या मित्राची नको. तीन दरपत्रकं सभेसमोर उघडायची, घरी नाही. नात्यातल्या माणसाचा विषय आला की खोलीबाहेर जायचं, ‘मी तटस्थ आहे’ म्हणत आत बसायचं नाही. आणि तुमच्यावर ज्याचं पोट अवलंबून आहे त्याची तक्रार ऐकायला दुसरं कुणीतरी नेमा. तुम्ही कितीही प्रेमळ असलात तरी वॉचमन तुम्हाला तुमच्याबद्दल खरं सांगणार नाही.

शिवाय जाण्याची तारीख आजच ठरवून कुणाला तरी सांगून ठेवा. नंतर ती सुचत नाही. आपल्यावाचून अडतंय असं खरंच वाटू लागतं.

तुम्ही पुन्हा उभ्या राहाल का?

या वर्षी नाही. नवीन सेक्रेटरी सी विंगचे आहेत. टँकरची नोंदवही आता वॉचमनच्या केबिनबाहेर दोरीने टांगलेली असते. परवा सहज चाळली. गेल्या महिन्यात सी विंगची टाकी सात वेळा आधी भरली आहे, बाकीच्यांची चार-चार वेळा. मी त्या पानाचा फोटो काढून त्यांना पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही, दोन निळ्या खुणा मात्र दिसतायत.